आईचे रिपोर्ट आभाला असे जोडले

आईचा १४ अंकी आभा क्रमांक (आरोग्याच्या नोंदी ऑनलाइन एकत्र जोडणारा सरकारी क्रमांक) काढला, पण अ‍ॅपमध्ये रुग्णालय निवडलं की नोंद सापडतच नव्हती. घोळ निघाला केसपेपरवर. तिथे बाबांचा बंद पडलेला मोबाइल नंबर होता आणि आईचं जन्मसाल आधारपेक्षा वेगळं. नोंद शोधताना नाव, लिंग, जन्मसाल, मोबाइल हे जुळवून पाहतात. नोंदणी खिडकीवर आधार दाखवून दोन्ही दुरुस्त करून घेतलं. पुन्हा शोधलं, ओटीपी आला आणि मधुमेहाचे रिपोर्ट जोडले गेले. केवढा जीव भांड्यात पडला!

नव्या डॉक्टरांना पाहायची संमती ठरावीक मुदतीचीच दिली. ती मागेही घेता येते. आईची कागदांची पिशवी मात्र जपून ठेवली आहे. त्यातले जुने रिपोर्ट संगणकावर चढलेलेच नाहीत.