इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेण्याआधी करायचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की घराघरात एकच प्रश्न येतो, "इलेक्ट्रिकलला स्कोप आहे का?" स्कोप आहे. वीजनिर्मिती, पारेषण, वितरण, स्विचगिअर, ड्राइव्ह, सौर प्रकल्प, डेटा सेंटर, रेल्वे या सगळ्यांना इलेक्ट्रिकलचा माणूस लागतो. पण घरच्यांनी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: याच कॉलेजात, एवढे पैसे घालून ही पदवी घेतली, तर ते पैसे किती दिवसांत वसूल होतील? त्याचं उत्तर एका संध्याकाळी कागदावर काढता येतं. आकडे मात्र आपले स्वतःचे घ्यायचे.

आधी चार वर्षांचा खरा खर्च

खासगी विनाअनुदानित कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते. कॉलेजच्या माहितीपत्रकापेक्षा तो आकडा धरा. त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क हे दोन वेगळे भाग असतात. हा फरक लक्षात ठेवा, कारण सवलत बहुतेक वेळा शिक्षण शुल्कावर मिळते. विकास शुल्क खिशातूनच जातं.

त्यात परीक्षा शुल्क, अनामत रक्कम, बस, लॅपटॉप आणि पुस्तकं मिळवा. बाहेर खोली घेणार असाल तर भाडं बारा महिन्यांचं धरा, कारण सुट्टीत घरी आलात म्हणून घरमालक भाडं सोडत नाही. शेवटी एका वर्षाचा खर्च जादा मांडून बघा. इलेक्ट्रिकलमध्ये एम-३ (गणिताचा तिसरा पेपर), नेटवर्क ॲनालिसिस आणि इलेक्ट्रिकल मशिन्स या विषयांत पोरं अडकतात. इयर डाऊन झालं की राहण्या-जेवणाचा खर्च वाढतो, पगार वर्षभर पुढे जातो आणि शिष्यवृत्तीचीही अडचण होते.

सवलती कॅपमधूनच

कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतून प्रवेश मिळाला तरच शासनाच्या शुल्क सवलती लागू होतात, मॅनेजमेंट कोट्याला नाहीत. कोट्यातून मिळालेलं थोडं बरं कॉलेज अनेकदा दुप्पट महाग पडतं, ते यामुळेच.

टीएफडब्ल्यूएस (शिक्षण शुल्क माफी योजना) या जादा जागा मंजूर संख्येच्या ५ टक्के असतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि गुणवत्तेत नंबर लागला तर पूर्ण शिक्षण शुल्क माफ होतं, प्रवर्ग कुठलाही असो. पर्याय अर्जात या जागांचा चॉइस कोड वेगळा असतो आणि त्याच्या शेवटी 'टी' असतो. तो कोड भरलाच नाही तर गुण असूनही जागा मिळत नाही. पुढे या जागेवरून शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही, हेही आधीच समजून घ्या.

खुल्या प्रवर्गात उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. एससी-एसटीसाठी भारत सरकार शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप या वेगळ्या योजना आहेत. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र निकालाची वाट न बघता काढून ठेवा. जागा हातची जाते ती बहुधा कागदांमुळे.

कर्जाचं गणित

समजा दरवर्षी दीड लाख, असं चार वर्षांत ६ लाखांचं कर्ज घेतलं. व्याज १० टक्के, हप्ता शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू. तोवरचं व्याज सरळ पद्धतीने धरलं तरी २ लाख १० हजार होतं. म्हणजे हप्ता सुरू होतो तो ८ लाख १० हजारांवर. दहा वर्षांच्या मुदतीला महिना साधारण १०,७०० रुपये बसतो.

आई-वडिलांनी हप्ता सुरू होईपर्यंत फक्त व्याज भरत राहिलं, पहिल्या वर्षी महिना १,२५० आणि चौथ्या वर्षापासून ५,०००, तर मुद्दल ६ लाखच राहते आणि हप्ता ७,९३० च्या आसपास येतो. एकूण सव्वा लाखाच्या घरात बचत होते. बँकेत हे आपण होऊन विचारा, बहुतेक वेळा कुणी सांगत नाही.

पॅकेज आणि हातात येणारा पगार

आता दुसरी बाजू. ४ लाखांचं पॅकेज म्हणजे महिना ३३ हजार, असा समज असतो. उलगडून बघू. मूळ वेतन निम्मं, म्हणजे २ लाख धरलं, तर कंपनीचा पीएफचा वाटा २४,००० आणि ग्रॅच्युइटी ९,६२० या पॅकेजमध्येच मोजलेली असते. कामगिरीवर अवलंबून असलेले ४०,००० आणि विम्याचे ६,००० वजा केले की ३,२०,३८० उरतात. त्यातून आपला पीएफ २४,००० आणि व्यवसाय कर २,५०० गेला की महिन्याला २४,४९० हातात. चाकणला खोली, मेस आणि प्रवास यांत दहा-अकरा हजार सहज जातात. वरचा १०,७०० चा हप्ता बसवला तर शिल्लक जेमतेम तीन-चार हजार.

म्हणून आमचा ठोकताळा असा: हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या ३० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. इथे ती मर्यादा ७,३५० होते. व्याज साचू दिलं तर चार लाखांच्या आसपास आणि भरत राहिलात तर साडेपाच लाखांच्या आसपास कर्ज पेलतं. त्याहून जास्त कर्जाची गरज असेल तर स्वस्त कॉलेज शोधा. शहर जरा लहान असलं तरी शासकीय किंवा अनुदानित कॉलेज इथे बाजी मारतं.

प्लेसमेंटचे आकडे कसे वाचायचे

"सर्वोच्च पॅकेज" हा आकडा वाचूच नका, तो एका मुलाचा असतो. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणारं कॉलेज आपला डेटा संकेतस्थळावर ठेवतं. त्यात प्रवेश घेतलेले, वेळेत उत्तीर्ण झालेले, नोकरी लागलेले, उच्चशिक्षणाला गेलेले आणि मध्यक पगार (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा), सगळं वर्षवार असतं. नोकरी लागलेल्यांना प्रवेश घेतलेल्यांच्या संख्येने भागा. कॉलेज "पात्र विद्यार्थ्यां"ने भागतं, त्यामुळे टक्केवारी फुगते.

हा डेटा सगळ्या शाखांचा मिळून असतो. त्यामुळे प्लेसमेंट ऑफिसात जाऊन फक्त इलेक्ट्रिकलची तीन वर्षांची कंपनीवार यादी मागा. यादीत सॉफ्टवेअर कंपन्या किती आणि नाशिकच्या सीजी, एबीबी, सीमेन्ससारख्या कारखान्यांत किंवा पॅनल, सौर, टेस्टिंगच्या कंपन्यांत किती, ते मोजा. नव्वद टक्के मुलं कोडिंगला जाणार असतील तर तुम्ही पैसे इलेक्ट्रिकलचे देताय आणि नोकरी दुसऱ्याच विषयाची घेताय.

मग मशिन लॅब बघायला मागा. अल्टरनेटर ग्रिडला जोडायच्या पॅनलसमोर उभं राहून विचारा, "सिंक्रोनायझिंग (अल्टरनेटर ग्रिडशी जुळवून जोडणं) शेवटचं कधी केलं?" तीन दिव्यांच्या डार्क लॅम्प पद्धतीत तिन्ही दिवे एकदम विझतात त्या क्षणी स्विच टाकायचा असतो. हे मुलांनी स्वतःच्या हाताने केलेलं असेल तर ती लगेच समजावून सांगतात. नसेल तर जर्नलमधल्या सुबक आकृतीकडे बोट दाखवतात. रिले टेस्टिंग किट, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आणि पीएलसी (यंत्रं आपोआप चालवणारा कंट्रोलर) चालू आहेत की कपाटात, तेही बघा. टेस्टिंग-कमिशनिंगच्या मुलाखतीत सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मरची) पोलॅरिटी आणि मेगरचं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरचं) रीडिंग यांवरच प्रश्न येतात.

डिप्लोमाची वाट

मूल अजून दहावीत असेल तर ही वाट नीट तपासा. अकरावी-बारावी आणि चार वर्षं मिळून सहा. डिप्लोमाची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशानंतरची तीन, तीही सहाच. फरक असा की तिसऱ्या वर्षाअखेर हातात एक पात्रता असते आणि थांबायचं की पुढे जायचं ते ठरवता येतं. थेट दुसऱ्या वर्षाला सीईटी नाही, डिप्लोमाचे गुण चालतात. दुखणं एकच, गणित. पहिल्या वर्षाचं गणित न करता एकदम लाप्लास आणि फूरियरचं वरचं गणित समोर येतं. डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत कॅल्क्युलस पक्कं केलं नाही तर पहिलं सत्रच जड जातं.

डिप्लोमानंतर पदवी करायची तर बुडालेला पगारही खर्चात धरा. महिना १५,००० मिळणार होते असं समजलं तर तीन वर्षांचे ५ लाख ४० हजार. फी आणि राहणं मिळून ४ लाख ८० हजार. एकूण १० लाख २० हजार. पदवीमुळे सुरुवातीला ८,००० जास्त मिळाले तर वसुलीला साडेदहा वर्षं लागतात. फरक वाढत गेला तर लवकर होते, पण फक्त कागदासाठी पदवी घेणाऱ्याने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

सरकारी नोकरी हवी असेल तर

उलट दिशेने चाला: आधी पद, मग पात्रता. महावितरणमध्ये विद्युत सहायकाला आयटीआय पुरतो. रेल्वे आणि एसएससीचा (केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाचा) कनिष्ठ अभियंता डिप्लोमावर होता येतं, सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन ३५,४००. यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवेला पदवी लागते, तिथे ५६,१००. एनटीपीसी किंवा पॉवरग्रिड या सरकारी वीज कंपन्यांचं ध्येय असेल तर पदवी आणि गेट या राष्ट्रीय परीक्षेचा चांगला स्कोअर हवा. गेटची तयारी तिसऱ्या वर्षापासून. याच स्कोअरवर एम.टेक.ला प्रवेश घेतला तर महिना १२,४०० विद्यावेतन मिळतं.

दोन शाखांचं जोडनाव असलेली पदवी घेताना जुन्या जाहिराती काढून ते नाव पात्रतेत बसतं का ते बघा. कागदपत्र तपासणीत अडकलेला उमेदवार परीक्षेचे गुण घेऊन घरी येतो. दूरस्थ पद्धतीच्या बी.टेक.च्या जाहिरातींना भुलू नका, ती पदवी तांत्रिक पदासाठी धरत नाहीत.

प्रवेश घेतल्यावर हा हिशेब चुकलेला दिसला तर सीईटी सेलने जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या आत प्रवेश रद्द करा. १,००० रुपये कापून बाकीची फी परत मिळते. तारीख उलटली की मिळत नाही, म्हणून ती तारीख आजच लिहून ठेवा.