लॉला ॲडमिशन घ्यायचंय? आधी फाईल उघडा

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात मी एका वकीलसाहेबांकडे कारकून आहे. भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या कोर्टात 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं. तेव्हापासून चंदगड-शाहूवाडीकडची पोरं, लग्न झालेल्या पोरी, नोकरीतली माणसं विचारायला येतात, "लॉला ॲडमिशन घ्यायचंय, काय करू?" सगळ्यांना माझं सांगणं एकच. परीक्षेचा फॉर्म निघायची वाट बघू नका, आजच फाईल उघडा. मार्क पडूनही कागदापायी राखीव जागा हातची जाते, ते बघवत नाही.

बारावीनंतर 5 वर्षांचा कोर्स, कुठल्याही पदवीनंतर 3 वर्षांचा. दोन्हीकडे खुल्या गटाला 45 टक्के लागतात, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना 42, अनुसूचित जाती-जमातींना 40. सीईटीला, म्हणजे प्रवेश परीक्षेला, वयाची अट नाही, तेव्हा चाळिशीतल्यांनी बिचकू नये. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण तिच्याखाली दहावी-बारावी पाहिजे. बारावी न करता थेट पदवी घेतलेल्यांना बार कौन्सिलच्या (वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेच्या) नियमानं प्रवेश मिळत नाही. हे आधीच तपासा, पैसे आणि वर्ष दोन्ही वाचेल.

आता राखीव जागेसाठीचे कागद. सगळ्यात जास्त वेळ खातं ते जात पडताळणीचं प्रमाणपत्र, आपण ज्याला व्हॅलिडिटी म्हणतो ते. बीए-बीकॉमला ते बहुतेकांना लागलेलं नसतं, म्हणून काढलेलंही नसतं. जातीचा दाखला वेगळा आणि व्हॅलिडिटी वेगळी; दाखला हातात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पडताळणी समितीला जातीचा जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. म्हणजे बहुतेक घरांत आजोबांचा. आजोबा ज्या गावच्या शाळेत शिकले तिथं जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा मागा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबा, आत्या, वडिलांकडच्या कुणाचाही चालतो, मात्र नातं दाखवणारी वंशावळ जोडावी लागते. अर्ज ऑनलाइन भरून प्रत विचारे माळावर सामाजिक न्याय भवनात द्यायची आणि पोचपावती जपून ठेवायची. बारावीत असाल तर कॉलेजच्या सही-शिक्क्याचं पत्र घेऊन आत्ताच भरा.

नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात नसल्याचा दाखला, काढताना त्याची मुदत बघा. प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या 31 मार्चपर्यंत तो वैध हवा. डोमिसाईलचं काम तहसीलच्या सेतू केंद्रात होतं, ते त्या मानानं सोपं.

नावाचं मात्र मनावर घ्या. अर्जात दहावीच्या मार्कलिस्टवर आहे तसंच नाव घाला. लग्न झालेल्या ताईंची मार्कलिस्ट माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या नावाचं असतं. त्यांनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातला नावबदल फाईलला लावावा.

फॉर्म राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर निघतो. परीक्षा संगणकावर, 120 प्रश्न, 2 तास. चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका. पेपर मराठीतून देता येतो, पण इंग्रजीचा भाग इंग्रजीतच असतो, आणि 3 वर्षांच्या कोर्सला तो 120 पैकी 40 गुणांचा आहे. आपल्याकडची हुशार पोरं तिथंच अडतात. रोज एक इंग्रजी अग्रलेख मोठ्यानं वाचा, अडलेला शब्द वहीत उतरवा. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे, तेव्हा दंड संहितेवरची जुनी गाईडं स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

निकाल लागला की पुष्कळ जण स्वस्थ बसतात. सीईटीचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे! कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाची नोंदणी वेगळी करावी लागते. तिथं कागद अपलोड करायचे, त्यांची छाननी होते, त्रुटी निघाली तर दिलेल्या दिवसांतच दुरुस्त करायची. मोबाईलवरचे मेसेज रोज बघा. मग कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा. कोल्हापुरात शाहूपुरीतलं 1933 सालचं शहाजी लॉ कॉलेज आहे, भारती विद्यापीठाचं न्यू लॉ कॉलेज आहे. क्रम लावण्याआधी दोन्हीकडे स्वतः जाऊन फी विचारा, तुकडी अनुदानित की विनाअनुदानित तेही विचारा. जाणं-येणंही हिशेबात धरा, कारण बार कौन्सिलच्या नियमानं 70 टक्के हजेरी लागते. नोकरी करणाऱ्यांनी साहेबांची लेखी परवानगी प्रवेशाआधीच घ्यावी.

फीच्या धास्तीनं मागं फिरणाऱ्या पोरींना माझं हात जोडून सांगणं आहे. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी 2024-25 पासून पूर्ण माफ आहे. ती कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला मिळते, मॅनेजमेंट कोट्याला नाही. खुल्या गटातल्या मुलग्यांसाठी राजर्षी शाहूंच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करायचा. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं, हे दोन्ही प्रवेशाच्या दिवशीच तयार ठेवा.