मेलमध्ये ‘रिव्हर्ट’ लिहिण्याआधी

ऐरोलीतल्या एका सॉफ्टवेअर सपोर्ट टीममध्ये लागले तेव्हा शिफ्ट लंडनच्या वेळेची होती. दुपारी ठाण्याहून वाशी लोकल पकडायची आणि रात्रीपर्यंत मेलांना उत्तरं द्यायची. ऑफिसातल्या जवळजवळ प्रत्येक मेलमध्ये एक शब्द असायचाच. ‘प्लीज रिव्हर्ट’, ‘विल रिव्हर्ट शॉर्टली’. म्हणजे उत्तर द्या, उत्तर देते. मीही तो उचलला.

दुसऱ्याच महिन्यात इंग्लंडमधल्या ग्राहकाला लिहिलं, ‘वी विल रिव्हर्ट ऑन द न्यू सेटिंग्ज बाय इव्हिनिंग.’ मला म्हणायचं होतं, नव्या सेटिंगबद्दल संध्याकाळपर्यंत कळवते. त्यांचा घाईघाईने फोन आला, सगळं नीट चाललंय, मग ते काढून का टाकताय?

त्यांनी शब्दाचा मूळ अर्थ घेतला होता. लॅटिनमध्ये तो ‘मागे वळणे’ असा आहे. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या सॉफ्टवेअरमध्ये ‘रिव्हर्ट’ केलं की आधीचा बदल उलटवणारा नवा कमिट, म्हणजे बदलाची नवी नोंद, तयार होतो. सरकारी नोकरीत तात्पुरत्या बढतीवरच्या माणसाला मूळ पदावर आणलं की ‘रिव्हर्ट केलं’ म्हणतात. यात उत्तर कुठेच नाही.

तरी आपल्याला तो इतका सहज का वाटतो? आपल्या जुन्या पत्रांत ‘उलट टपाली कळवावे’ असायचं. उत्तर म्हणजे उलट फिरून आलेलं पत्र, ही कल्पना आपल्या ओळखीचीच आहे. म्हणून भारतीय इंग्रजीतल्या या वापराला मी अडाणी म्हणणार नाही. सिंगापूर-मलेशियातही तो चालतो. साहेबांच्या मेलमध्ये ‘रिव्हर्ट’ दिसला तर उत्तर द्या, दुरुस्ती सुचवत बसू नका.

बाहेरच्या ग्राहकाला मात्र साधं ‘रिप्लाय’ किंवा ‘गेट बॅक टू यू’ लिहा. ‘रिव्हर्ट बॅक’ तर कुणालाच नको, त्यातल्या ‘री’मध्येच ‘परत’ आलं.

याहून जपायचं ते तिकडून येणाऱ्या मेलला. ‘प्लीज रिव्हर्ट द चेंज बाय फाइव्ह’ आलं तर त्यांना उत्तर नकोय, बदल मागे घेऊन हवाय. शंका असेल तर सरळ फोन करा, ‘अनडू करू का?’ असं विचारा. आणि पाच म्हणजे त्यांचे की आपले, तेही त्याच फोनवर ठरवून घ्या. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच.