जुनं जॉर्जियन घर, आताचं कम्युनिटी सेंटर: गेलात तर काय काय बघायचं

लंडनमध्ये राहत असाल तर बारशाला, योगा क्लासला नाहीतर नुसतं कॉफीला अशा एखाद्या घरात कधीतरी गेलाच असाल, बाहेर बोर्ड सेंटरचा आणि घर मात्र दोन-अडीचशे वर्षांचं, जॉर्जियन म्हणजे इंग्लंडच्या जॉर्ज नावाच्या राजांच्या काळातलं. आपण जातो, जेवतो, परत येतो, घराकडे बघतच नाही. मला त्याचं खरंच वाईट वाटतं म्हणून हे लिहितेय.

सुरुवातीला स्टोक न्यूइंग्टनचं क्लिसोल्ड हाऊस बेस्ट. 1790 च्या दशकात जोनाथन होअर या क्वेकर (एका ख्रिश्चन पंथाच्या) बँकरसाठी बांधलेलं. पुढे घर आणि भोवतालची सगळी जागा बिल्डरांच्या घशात जायची वेळ आली होती, ती जोसेफ बेक आणि जॉन रुंट्झ या दोघा कार्यकर्त्यांनी नेट लावून वाचवली आणि 1889 ला पार्क सगळ्यांसाठी उघडलं. आता तिथे कॅफे आहे, खोल्या लग्नासाठी भाड्याने मिळतात.

पोचल्यावर लगेच आत शिरू नका. आधी लांबून खिडक्या बघा, जिथे उंच खिडक्या तिथे मालकांच्या बैठकीच्या खोल्या, एकदम वरच्या बुटक्या खिडक्यांमागे मुलं आणि नोकर. मग जवळ जाऊन खिडकीची चौकट बघा. लंडनच्या 1774 च्या बिल्डिंग ॲक्टने आगीच्या भीतीपोटी खिडकीचं लाकूड विटेच्या मागे सरकवायला लावलं, त्यामुळे चौकट जवळजवळ पूर्ण दिसत असेल तर ते काम बहुतेक त्याआधीचं. काचेवर तिरपं बघा, समोरच्या झाडाचं प्रतिबिंब पाण्यात हलल्यासारखं वेडंवाकडं दिसलं तर काच जुनी.

विटांनी बुजवलेली खिडकी दिसली की कुणीतरी लगेच म्हणतं "विंडो टॅक्स!". म्हणजे खिडक्यांच्या संख्येवरचा कर, तो वाचवायला लोक खिडक्या बुजवायचे. टॅक्स होता हे खरं, 1696 पासून 1851 पर्यंत, पण बऱ्याच खिडक्या मुळातच आंधळ्या, म्हणजे बंदच बांधलेल्या असतात, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. वीट आणि चुना आजूबाजूच्या भिंतीसारखाच असेल तर सुरुवातीपासूनची, रंग वेगळा असेल तर नंतर बुजवलेली.

आता आत. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवा, मान वर करा. भिंत आणि छत जिथे भेटतात तिथली प्लास्टरची नक्षीदार पट्टी, कॉर्निस, ती खोलीभर चारही बाजूंनी फिरायला हवी. तीन बाजूंनी आली आणि चौथ्या भिंतीपाशी नक्षीतलं फूल अर्धंच कापलं गेलं, तर ती चौथी भिंत नंतरची, म्हणजे तुम्ही एका मोठ्या खोलीच्या तुकड्यात उभे आहात. मी एकदा हे एका सेंटरमध्ये बघितलं, अर्धं पान भिंतीत घुसलेलं आणि उरलेलं अर्धं पलीकडे टॉयलेटमध्ये! तेव्हापासून कुठेही गेले तरी नजर आधी वर जाते.

घराची कशी चिरफाड होते ते बघायचं तर डब्लिनचं 14 हेन्रिएटा स्ट्रीट बघा. 1740 च्या दशकातलं सरदारी घर, 1877 मध्ये थॉमस व्हान्सने घेऊन 19 बिऱ्हाडं केली आणि जागा काढायला मुख्य भव्य जिनाच काढून टाकला. 1911 च्या जनगणनेत त्या एका घरात 100 माणसं होती, आपल्या चाळीत राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. 2018 पासून तिथे म्युझियम आहे.

म्हणून आत्ताचं काम चांगलं की वाईट हे ठरवताना मी एवढंच बघते, उद्या काढायचं म्हटलं तर निघेल का? पार्टिशन कॉर्निसच्या आकाराप्रमाणे कापून बसवलंय की कॉर्निसच फोडलंय, लिफ्ट मागच्या बाजूला घातलीये की मुख्य जिन्याच्या पोटात. रॅम्प आणि फायर डोअर हवेतच, आजी व्हीलचेअरवर आत येऊ शकली नाही तर ते घर सगळ्यांचं कसलं. पण लटकतं छत लावून नक्षी झाकली असेल तर माझा जीव तुटतो.

भिंतीच्या खालच्या भागाकडेही बघा. पापुद्रे सुटलेत, ओल चढलीये? बऱ्याचदा चुन्याच्या भिंतीवर कुणीतरी सिमेंट फासलेलं असतं, मग आतला दमटपणा बाहेर पडत नाही, आपल्या जुन्या वाड्यांचंही हेच होतं.

आणि निघायच्या आधी खिडकीच्या दोन्ही बाजूंची जाड लाकडी पॅनल्स बघा. ती नुसती शोभेची नसतात, आत घडीची शटर्स दडलेली असतात, रंगाच्या थरांनी चिकटलेली नसतील तर केअरटेकरला विचारा, एखादं उघडून दाखवतात.