फॅमिली डॉक्टर निवडताना आणि त्यांच्याकडे जाताना या चुका टाळा

बहुतेक लोक डॉक्टर शोधायला लागतात ते आजारी पडल्यावर. ताप उतरत नसतो, घरचे धास्तावलेले असतात आणि जे नाव आधी कानावर पडेल तिकडे धाव घेतली जाते. त्या घाईत निवड अशी होतच नाही. माझं आग्रहाचं सांगणं आहे की फॅमिली डॉक्टर तब्येत ठणठणीत असताना शोधा. एकदा नुसतं भेटून या. वजन आणि रक्तदाब मोजून घ्या, आईवडिलांना कोणते आजार होते ते सांगा, कशाची अ‍ॅलर्जी असेल तर ती नोंदवा. एरवी तुमचा रक्तदाब किती असतो आणि चेहरा कसा दिसतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तुम्ही आजारी पडल्यावर काय बिघडलंय ते लवकर उमगतं.

‘ते काय, सर्दी-तापाचे डॉक्टर’ असं समजणं

ही समजूत सगळ्यात महागात पडते. अमेरिकेतले डॉ. केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 मध्ये एक गाजलेला अंदाज मांडला होता. 1000 प्रौढ माणसं घेतली, तर महिनाभरात त्यातल्या सुमारे 750 जणांना काही ना काही दुखणं होतं, 250 जण डॉक्टरकडे जातात, 9 जणांना रुग्णालयात दाखल व्हावं लागतं आणि मोठ्या विद्यापीठ रुग्णालयात पाठवलं जातं ते फक्त एकाला. म्हणजे दुखण्यांचा फार मोठा भाग निस्तरला जातो तो दाखल होण्याच्या आधीच. साध्या डोकेदुखीच्या गर्दीतून तातडीने पुढे पाठवायची एखादी डोकेदुखी नेमकी ओळखणं हे या डॉक्टरांचं कसब आहे. शिवाय लसीकरण, मधुमेह-रक्तदाबाचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा, तंबाखू सोडायला मदत, झोप उडणं, उदास वाटणं हे सगळं त्यांच्या कामात येतं. उदासीसाठी यांच्याकडे जाता येतं, हे तर कित्येकांच्या गावीही नसतं.

दर दुखण्याला थेट वेगळा स्पेशालिस्ट गाठणं

एक अगदी नेहमी घडणारं उदाहरण घ्या. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल सुरू होतं. काही आठवड्यांनी कोरडा, ढास लावणारा खोकला लागतो. माणूस छातीच्या डॉक्टरकडे जातो, एक्स-रे निघतो, तो स्वच्छ येतो, खोकल्याची बाटली मिळते. बाटली संपते, खोकला तसाच. मग नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे. खरं तर या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना असा खोकला होतो हे सर्वज्ञात आहे. पण गोळी एकाने दिलेली, खोकला दुसऱ्याने पाहिलेला, आणि दोन्ही कागद एकत्र ठेवून बघणारं कुणीच नाही! अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या दुसऱ्या गोळीने पायावर सूज येते आणि त्या सुजेसाठी लघवीची गोळी वाढते, तेही असंच. (हे वाचून चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा.)

स्पेशालिस्टची गरज असतेच, वाद त्याचा नाही. पण आधी फॅमिली डॉक्टरांना दाखवलं तर कुणाकडे जायचं, कोणत्या तपासण्या झाल्यात आणि नेमका प्रश्न काय, हे चिठ्ठीत लिहून मिळतं. परत आल्यावर तिथला सल्ला त्यांना दाखवायला विसरू नका. ही दुसरी फेरी बहुतेक जण टाळतात.

सारखे डॉक्टर बदलणं

नॉर्वेत सुमारे 45 लाख लोकांच्या नोंदी तपासून 2022 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच डॉक्टरकडे 15 वर्षांहून जास्त काळ जाणाऱ्यांमध्ये अवेळी उपचार घ्यावे लागणं, तातडीने दाखल होणं आणि मृत्यू या तिन्हींची शक्यता, जेमतेम वर्षभराची ओळख असलेल्यांपेक्षा 25 ते 30 टक्क्यांनी कमी आढळली. अशा अभ्यासातून कार्यकारण पक्कं सिद्ध होत नाही, तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नक्कीच नाही. आणि साध्या व्हायरल सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळणं नेहमीचंच असतं. चौथ्या दिवशी डॉक्टर बदलला तर नवे डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतात. ‘गुण आला नाही’ म्हणण्याआधी त्याच डॉक्टरांना पुन्हा दाखवा. व्हायरल तापावर अँटिबायोटिक दिलं नाही आणि का दिलं नाही ते समजावून सांगितलं, तर ते डॉक्टर चांगले समजा.

नुसत्या नावावर निवड करणं

प्रसिद्धीपेक्षा तीन-चार साध्या गोष्टी जास्त उपयोगी पडतात. पदवी आणि वैद्यकीय परिषदेकडची नोंदणी तपासा. मोठ्यांना आणि मुलांना, दोघांनाही पाहतात का? दवाखाना तापात गाठता येईल इतका जवळ आहे का? वेळ किती दिवसांनी मिळते, ते नसतील तेव्हा कोण पाहतं, जुन्या नोंदी ठेवल्या जातात का, हे स्वागतकक्षात सरळ विचारा. यात अवघडण्यासारखं काही नाही. मात्र खरी परीक्षा पहिल्या भेटीत होते: बोलणं पुरतं ऐकून घेतात का, आणि शंका विचारली तर चिडतात का.

अर्धवट सांगणं

मुख्य तक्रार उठून निघताना सांगायची सवय फार जणांना असते. दहा मिनिटं गुडघ्याबद्दल बोलायचं आणि दाराशी पोचल्यावर ‘हो, चालताना छातीत जरा भरून येतं’! जे सगळ्यात जास्त खुपतंय ते पहिल्या वाक्यात सांगा. चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. दुकानातून स्वतः आणलेली दुखण्याची गोळी, झोपेची गोळी आणि टॉनिकसुद्धा. दुखण्याच्या कित्येक गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून ती ‘साधी गोळी’ मोजायचीच. दारू-तंबाखूचं प्रमाणही खरं सांगा.

तातडीच्या वेळी फॅमिली डॉक्टरची वाट बघणं

छातीत दाब येऊन घाम फुटणं, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, श्वास न पुरणं: अशा वेळी थेट रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांना फोन नंतर करता येतो.

एवढं करूनही जमत नसेल तर

दोन-तीनदा जाऊनही निदान लागत नसेल तर हे प्रश्न विचारा: ‘आणखी काय असू शकतं?’, ‘काय दिसलं तर लगेच यायचं?’, ‘किती दिवसांत फरक पडला नाही तर पुन्हा दाखवू?’ चांगले डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाहीत, उलट नव्याने विचार करतात. भेटीत विसरायला होत असेल तर लक्षणं तारखेसह लिहून न्या, किंवा घरच्या कुणाला सोबत घ्या. आणि दर वेळी तक्रार झटकून टाकली जात असेल, तपासायला सांगितलेली गोष्ट तपासलीच जात नसेल, तर मनात कसलीही अढी न ठेवता डॉक्टर बदला. फक्त जाताना रिपोर्ट, लसींची नोंद आणि औषधांची यादी यांच्या प्रती मागून घ्या, आणि नव्या डॉक्टरांकडे पहिल्याच भेटीत त्या द्या.