सेकंडरी बाहेर काढायच्या आधी ऑपलॉग बघा

गेल्या डिसेंबरात, ऐन गाळपात, आमच्या तीन नोडच्या मोंगोडीबी रेप्लिका सेटमधली (एकच डेटाबेस तीन सर्व्हरवर, लिहिणं घेणारा तो प्रायमरी, त्याची नक्कल ठेवणाऱ्या त्या सेकंडरी) एक सेकंडरी मी मोठा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) बांधायला बाहेर काढली आणि ती परत जोडलीच गेली नाही. कोल्हापुरात साखर कारखान्यांचं सॉफ्टवेअर सांभाळणारे बरेच जण आहोत, म्हणून लिहून ठेवतोय.

बॅकअप घ्या, त्यावर बोलत नाही. पहिलं काम ऑपलॉग, म्हणजे डेटातल्या बदलांची नोंदवही, जी वाचून सेकंडरी प्रायमरीच्या बरोबरीला येते. प्रायमरीवर प्रिंटरिप्लिकेशनइन्फो ही कमांड चालवा आणि पहिल्या नि शेवटच्या नोंदीत किती तासांचं अंतर आहे ते कागदावर लिहा. ऑपलॉगची साइज ठरलेली, भरला की जुन्या नोंदी जातात, त्यामुळं ऊस तोलायच्या काट्यावर गाड्या वाढल्या की तेवढ्याच जागेत कमी तास मावतात. माझ्या डोक्यात जुलैतले ६० तास होते, हंगामात त्याचे ७ झालेले, आणि मी बघितलंच नाही. इंडेक्सला ९ तास लागले, म्हणजे नोडला लागणाऱ्या नोंदी तोवर निघून गेलेल्या. नोड परत जोडला तर स्टेटस रिकव्हरिंग, आणि तिथनं हलेचना. मग डेटा डिरेक्टरी रिकामी करून सगळं पहिल्यापासनं सिंक, दीड दिवस गेला, आणि तेवढ्यात उरलेल्या दोघांतला एक जरी पडला असता तर पूर्ण डेटा असलेला एकच नोड उरला असता, तोही पडला असता तर काट्यावर पावती निघाली नसती आणि ट्रॅक्टरवाले थंडीत रांगेत बसले असते. म्हणून जुना आकडा चालत नाही, त्याच दिवशीचा बघा. कामाला लागणारा वेळ त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त वाटला तर आधी रिसाइज करून ऑपलॉग वाढवा, ३.६ पासनं ते चालू नोडवर होतं. पण वाढवल्यावर तास लगेच वाढत नाहीत, नोंदी साठायला वेळ द्या आणि परत बघा.

इंडेक्स युनिक (एकच किंमत दोनदा येऊ न देणारा) असेल तर त्या कलेक्शनवरच्या (टेबलावरच्या) राइट्स बंद केल्याशिवाय, एकेक नोड बाहेर काढून इंडेक्स बांधायच्या या वाटेला जाऊच नका.

आता नोड नीट शटडाउन करा, कॉन्फिगमधलं रेप्लसेटनेम (सेटचं नाव) कॉमेंट करा आणि पोर्ट बदला, २७०१७ चा २७२१७ वगैरे. पोर्ट का, तर बाकीचे नोड आणि ॲप त्याला जुन्याच पत्त्यावर शोधत असतात, चुकून कुणी त्यात लिहिलं तर त्याचा डेटा सेटपेक्षा वेगळा होऊन बसतो. डिसेबललॉजिकलसेशनकॅशरिफ्रेश हे सेटिंग ट्रू करा. रूट म्हणून चालू करू नका, फायलींची मालकी बदलते आणि नंतर सर्व्हिस उठत नाही.

सुरू करायच्या आधी ऑपलॉग बघितला ना? खरंच बघितला ना?

नोड असा एकटा चालू करून इंडेक्स बांधा, काम झालं की कॉन्फिग होतं तसं, पोर्ट होता तसा, रीस्टार्ट. स्टेटस सेकंडरी दिसून लॅग (प्रायमरीच्या मागे राहिलेला वेळ) शून्यावर आला की मगच दुसरा नोड, त्यालाही ऑपलॉग नव्यानं बघून. प्रायमरी शेवटी, स्टेपडाउन करून (त्याला सेकंडरी करून), बाकी तेच.