बॉर्डर कॉली पाळताय? नागपूरकरांनो, या चुका टाळा

तान्हा पोळ्याची संध्याकाळ होती. मनीषनगरच्या आमच्या बिल्डिंगखाली आठ-दहा पोरं लाकडी नंदी ओढत पळत होती. आमची बॉर्डर कॉली कुत्री भिंगरी तेव्हा आठ महिन्यांची. मान खाली घालून, पोट जमिनीला घासेल इतकी वाकून ती त्यांच्याभोवती मोठा वळसा घेऊन गेली. माझा भाचा नंदी घेऊन घोळक्यातून बाजूला निघाला, तसा तिनं त्याच्या टाचेला दात लावला. शेजारच्या काकू ओरडल्या, "पिसाळलं का बाप्पा हे कुत्रं!"

पिसाळली नव्हती. ती पोरं वळत होती, गुराखी गुरं वळतो तशी.

वळणाऱ्या कुत्र्याला राखणदार समजू नका

आपल्याकडे कुत्रा म्हटलं की राखण. गुरं वळायला गुराखी असतो, कुत्रं नुसतं सोबतीला. बॉर्डर कॉली मात्र इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांत मेंढ्या वळण्यासाठीच घडवलेली जात आहे. १८९३ साली नॉर्थम्बरलँडमध्ये जन्मलेल्या ‘ओल्ड हेम्प’ नावाच्या कुत्र्यापर्यंत आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींची वंशावळ जाते. तो नुसत्या नजरेनं मेंढ्या हलवायचा, ही त्याची ख्याती. रोखून पाहणं, दबा धरणं, वळसा घालणं, टाचेशी तोंड नेणं, ही सगळी शिकारीचीच पावलं आहेत. मारण्याचं शेवटचं पाऊल तेवढं माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून मागे पाडलं. फ्लॅटमध्ये मेंढ्या नसतात. मग पोरं, स्कूटर आणि केरसुणी यांचाच कळप होतो.

म्हणून मारून हे जात नाही, आणि ‘किती गोड’ म्हणून हसलात तर पक्कं होतं. अडवायचं ते नजर रोखली जाते तेव्हा. एकदा धाव सुटली की हाकेचा उपयोग नसतो. भिंगरीचे कान पुढे येतात, एक पंजा हवेत थांबतो. त्या क्षणी मी तिला नावानं हाक मारते आणि तिनं मान वळवली की लगेच खाऊ देते. रस्त्यावर स्कूटरपासून आधी लांब उभं राहायचं, मग आठवड्या-आठवड्यानं अंतर कमी करायचं. पट्टा सोडायचा नाही. पोरांना सांगून ठेवा: कुत्रं मागे लागलं तर पळू नका, ओरडू नका, हात अंगाशी घेऊन झाडासारखे उभे राहा.

दात लागून कातडीला ओरखडा जरी उठला, तरी जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. कुत्र्याला रेबीजची लस दिली आहे म्हणून थांबू नका.

पळवून पळवून थकवू नका

ही चूक मीसुद्धा केली. सकाळी अंबाझरीकडे तासभर, संध्याकाळी शंभरदा बॉल. दोन महिन्यांत कुत्री थकेना, दम मात्र दुप्पट झाला. घरी आली की भिंतीवर पडलेल्या कवडशामागे धावायची. आपण थकवत नसतो, पैलवान तयार करत असतो. शिवाय एप्रिल ते जून नागपुरात पळवणार कधी? २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. नवतप्यात रात्री दहालाही डांबर तापलेलं असतं. तळहाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा. तुमची टेकवेना तर तिचे पंजेही टेकवू नका.

खरी भूक डोक्याला असते. अमेरिकेतल्या ‘चेसर’ नावाच्या बॉर्डर कॉलीला जॉन पिली या मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकानं तीन वर्षांत १,०२२ खेळण्यांची नावं शिकवली. आपल्याला दहा पुरेत. आमची उन्हाळ्यातली दुपार अशी: जुन्या चादरीला सात-आठ गाठी मारायच्या, तिच्या जेवणातले दाणे त्यात लपवायचे आणि चादर कूलरपुढे टाकायची. ती नाकानं एकेक गाठ हुडकते, पंजानं दाबून दातानं सैल करते. वीस मिनिटांत आडवी होते. फुटाळ्याला दोन फेऱ्या मारूनही असं झालं नव्हतं.

गप्प पडून राहणंही शिकवावं लागतं. एक सतरंजी ठरवा. तिच्यावर बसली की दाणा, आडवी झाली की दाणा, डोळे मिटले की हळूच आणखी एक. आधी अर्धं मिनिट, मग पाच, मग घरात पाहुणे असतानाही. याला आम्हाला तीन महिने लागले.

लेझरचा ठिपका, मोबाईलचा टॉर्च, आरशाची तिरीप यांच्याशी खेळवणं पूर्ण बंद. हाती न लागणाऱ्या उजेडामागे धावण्याचं वेड या जातीला लागतं आणि सुटता सुटत नाही. आमच्याकडे मी पडदे लावून आणि लगेच चादर पुढे करून ते वेळीच तोडलं.

उन्हाळा लागला म्हणून भादरू नका

आतली मऊ लव आणि बाहेरचे लांब केस मिळून ऊन अडवतात. मशीन मारली की कातडी उघडी पडते आणि पुढे केस पूर्वीसारखे येतीलच असं नाही. आठवड्यातून तीनदा ब्रश करून गळणारी लव काढा, तेवढं बास.

तरीही ऊन लागलं, म्हणजे धाप थांबेना, हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चाल डळमळीत, तर आधी अंगावर भरपूर साधं पाणी ओता आणि पंखा लावा. मग गाडी काढा. कुत्र्याच्या अंगाचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असणं नेहमीचं; १०४ च्या वर गेलं की वाट बघायची नाही. थोडा वेळ जोरात पळाल्यावर मागचे पाय लटपटले आणि अर्ध्या तासात सगळं ठीक झालं, तरी डॉक्टरला सांगा. या जातीत श्रमानं कोसळण्याचा एक वेगळा त्रास असतो.

गोचिडाचं औषध स्वतःच्या मनानं देऊ नका

मला सगळ्यात जास्त भीती याच चुकीची वाटते. पावसाळ्यात गोचीड झाले की कुणीतरी गुरांचं आयव्हरमेक्टिन सुचवतं. कॉली गटातल्या काही कुत्र्यांमध्ये ‘एमडीआर-१’ या जनुकात दोष असतो. त्यामुळे हे औषध मेंदूत साचतं. कुत्रं झिंगतं, डोळ्यांनी दिसेनासं होतं, शुद्ध हरपते. लांब केसांच्या रफ कॉलीत हा दोष पुष्कळ आढळतो, बॉर्डर कॉलीत कमी. पण तुमच्या कुत्र्यात आहे की नाही हे तपासणीशिवाय कळत नाही. गुरांच्या मात्रेनं तर कोणत्याही कुत्र्याला विषबाधा होऊ शकते. जात सांगून डॉक्टरांकडूनच औषध घ्या. कुत्रं जेवेना, ताप आला, हिरड्या फिकट दिसल्या तर गोचीड-तापासाठी त्याच दिवशी रक्त तपासा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

अजून पिल्लू आणलं नसेल तर

दोघंही सकाळी नऊ ते सात बाहेर असाल तर ही जात घेऊ नका, मी अगदी कळकळीनं सांगते. घ्यायचंच ठरलं तर पिल्लाची आई प्रत्यक्ष बघा. ती माणसांत शांत राहते का, तेही बघा. आणि दाराशी राखण हवी असेल तर गल्लीतलं गावठी पिल्लू आणा. नागपूरचं ऊन त्याच्या ओळखीचं असतं, आणि दोन वेळा फिरवून आणलं की ते उंबऱ्यात निवांत पडून राहतं.